लक्ष्मीच्या पाठीमागील याद

महालक्ष्म्यांच्या दिवसांत वऱ्हाडातील कोणत्याही जुन्या घरी कोणी आले, तर त्याने माजघरात पाऊल टाकण्यापूर्वी एकवार वर पाहावे, अशी आमच्या आजीची ताकीद असे. वर फुलोरा टांगलेला असतो; त्यातील एखादी करंजी किंवा पापडी उंच माणसाच्या डोक्यास लागून तुटली, की घरातील बायकांच्या तोंडचे पाणी पळते. आम्ही स्वतः फारसे उंच नाही, आणि या घरात आमच्या मस्तकामुळे आजवर एकही पापडी भंगलेली नाही. गतवर्षी मात्र वर पाहण्याऐवजी समोर पाहण्याचा प्रसंग आला, आणि जे दिसले त्याने मनास जी टोचणी लागली ती अद्याप पुरती गेलेली नाही. ती हकीकत सांगावी की न सांगावी, याचा विचार करण्यात चार-सहा महिने गेले. शेवटी घरातील ज्या व्यक्तीचा तिच्याशी सर्वांत अधिक संबंध, तिनेच 'लिहा' म्हणून अनुज्ञा दिली. म्हणून आज लिहीत आहो.

आमचे बिऱ्हाड नोकरीनिमित्त पुष्कळ वर्षे अकोल्यास होते. सेवानिवृत्तीनंतर आम्ही अमरावतीच्या मूळ घरी परत आलो. घर एकत्र आहे. आमचे ज्येष्ठ बंधू आज हयात नाहीत. त्यांच्यात व आमच्यात अठरा वर्षांचे अंतर होते, त्यामुळे आमच्या वहिनी आम्हास मातेच्या ठिकाणी. त्यांची एक नात मुंबईस चित्रकलेच्या शिक्षणासाठी राहते. ती महालक्ष्म्यांना म्हणून आली, आणि येताना महाविद्यालयाने सांगितलेले एक काम बरोबर घेऊन आली. काय काम, असे आम्ही पुसले. ती म्हणाली, "मांडणशिल्प."

हा शब्द आम्हास नवीन होता. चित्रशिल्प ठाऊक, मूर्तिशिल्प ठाऊक. हे मांडणशिल्प कोणते? तिने समजावून सांगितले, की यात काही घडवायचे किंवा रंगवायचे असतेच असे नाही. असलेल्याच वस्तू अशा काही विचाराने एकत्र मांडायच्या, की त्या मांडण्यातून पाहणाऱ्यास काही कळावे. आम्ही हसून म्हणालो, "मग तुझ्या आज्या व काकवा हे काम गेली कित्येक पिढ्या करीत आहेत." हे बोलताना आमचा हेतू थट्टेचा होता, पण तिने ते अगदी गंभीरपणे मानून घेतले. आणि विचार केला तर त्यात खोटे काय होते? पत्र्याच्या दोन कोठ्या, त्यांत धान्य, वर पितळेचे मुखवटे, घरातील ठेवणीची दोन लुगडी, पुढे बाळे, वर पिठाच्या वेण्या-फण्यांचा फुलोरा, खाली सोळा भाज्या, आंबील व पुरणपोळी. यांतील एकही वस्तू देवीची म्हणून बाजारातून येत नाही. सगळी घरातीलच. अनुराधा नक्षत्रावर आवाहन झाले की त्याच कोठ्या देवता होतात, ज्येष्ठेवर जेवतात, आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन होऊन पुन्हा कोठ्यांच्या कोठ्या. पुरुषांचे यात काम काय, तर पाट हलविणे.

असो. दुसरे दिवशी सकाळी ती माळ्यावर चढली व तेथून जुन्या दिनदर्शिकांची एक गुंडाळी व आमच्या वडिलांची कागदपत्रांची पेटी, असे दोन जिन्नस खाली उतरवून घेऊन आली. दिनदर्शिका सर्व एकाच तऱ्हेच्या: कापसाचा अडत्या, तेलगिरणीवाला, सराफी पेढी, कापडाचे दुकान; खाली दुकानदाराचे नाव आणि वर कमलावर उभी असलेली चतुर्भुज लक्ष्मी. दुपारी आम्ही वामकुक्षी आटोपून बाहेर येतो, तो पोरीच्या हातात कातर, आणि कातरीच्या तोंडात लक्ष्मी!

आमचा संताप अनावर झाला. ज्या घरात उद्या आवाहन, त्या घरात देवीच्या चित्रास कातर लावावी? तिने शांतपणे ऐकून घेतले व म्हणाली, "आबा, वर्ष संपलं की या कॅलेंडरांचं आपण काय करतो?"

आम्ही निरुत्तर झालो. कारण वर्ष संपले की त्या दिनदर्शिका उलट्या करून आम्हीच पुस्तकांस आवरणे घालीत आलो आहो. आमच्या टेबलावरील अमरकोशाचे आवरण काढून पाहिले तर आतल्या बाजूस लक्ष्मीच निघेल. फडताळातील डब्यांखालीही तीच अंथरलेली आहे. हातात कातर घेऊन वर्षानुवर्षे आम्ही तेच केले, फक्त तिच्याकडे न पाहता केले. मग रागाची दिशा बदलून आम्ही म्हणालो, की निदान याचा अर्थ तरी सांग. तेव्हा तिने आपला मोबाईल पुढे केला व त्यात एक चित्र दाखविले.

ते चित्र अतुल दोडिया यांच्या एका कृतीचे होते. हे मुंबईचे गुजराती भाषक चित्रकार, जन्म १९५९चा, शिक्षण सर ज. जी. कलाशाळेत. दुकानास असते ते गुंडाळून वर जाणारे लोखंडी शटर त्यांनी चित्रफलक म्हणून घेतले. २००१ साली लंडनच्या टेट मॉडर्न या संग्रहालयातील प्रदर्शनात त्यांची अशी शटरे मांडली गेली होती. आम्ही पाहिले ते २००२ सालचे, नाव 'महालक्ष्मी'. शटर खाली असले म्हणजे त्यावर महालक्ष्मी दिसते, अगदी दिनदर्शिकेत असते तशी. शटर वर गेले, की आतल्या पृष्ठभागावर दुसरे चित्र: हुंड्याची रक्कम बापास झेपणार नाही म्हणून एकाच वेळी गळफास घेतलेल्या कानपूरच्या तीन बहिणी.

आम्ही मोबाईल तिच्या हाती परत दिला. थोडा वेळ काही बोलवले नाही.

ज्यांनी ही दिनदर्शिकेतील लक्ष्मी घरोघर आणली त्यांचे वृत्त वाचकांपैकी वडीलधाऱ्यांस तरी ठाऊक असेल. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) हे त्रावणकोर प्रांतातील किळिमानूरचे. राजेरजवाड्यांच्या भिंतींवरील तैलचित्र सामान्यास कोठून मिळणार? म्हणून त्यांनी १८९४ साली मुंबईस शिळाछापाचा छापखाना काढला. यंत्रे व कारागीर जर्मनीहून आणले. एकेका रंगासाठी निराळा दगड, आणि असे अनेक दगड एकावर एक छापून मग एक चित्र, अशी ती खटाटोपाची रीत होती. पहिले चित्र शकुंतलेच्या जन्माचे निघाले, असे सांगतात. छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. व्यवहारात खोट आली व तो श्लायखर नावाच्या जर्मन तज्ज्ञाने विकत घेतला. आपले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी याच छापखान्याच्या कामात होते. १९७२ साली आग लागून तो नष्ट झाला. पण त्या अवधीत झाले काय, की ज्या सरस्वतीस आणि लक्ष्मीस पूर्वी प्रत्येक गावच्या मूर्तिकाराने आपापला चेहरा दिला होता, त्यांस सर्व हिंदुस्थानात मिळून एकच चेहरा, एकच लुगडे आणि एकच मान झुकविण्याची ढब प्राप्त झाली. आमच्या आजीच्या देवघरात जी लक्ष्मी, तीच अडत्याच्या गादीवर आणि तीच आगपेटीवर. आम्हास वाटते की ती देवी आहे. आणि ती आहेही. परंतु ती एका कारखान्यातून निघालेली वस्तूही आहे, हे एकदा ध्यानी आले म्हणजे तिच्याशी बोलू पाहणारा चित्रकार देवीशी वाद घालीत नसून आपल्या सवयीशी वाद घालीत आहे, एवढे तरी मान्य करावे लागते.

बंगलोरच्या पुष्पमाला एन्. या बाईंनी तर याहून विलक्षण गोष्ट केली. या मूळच्या मूर्तिकार, आणि लेखणीही चालविणाऱ्या. क्लेअर आर्नी नावाच्या छायाचित्रकार स्त्रीच्या साहाय्याने २००० ते २००४ या वर्षांत त्यांनी दक्षिणेतील स्त्रियांविषयी एक छायाचित्रमाला केली. तीत मागे रंगविलेला पडदा सोडून त्या स्वतःच रविवर्म्याच्या छापील लक्ष्मीच्या वेषात उभ्या राहिल्या. तीच भूमिका, तोच मुकुट. मात्र चेहरा खऱ्या, वय असलेल्या बाईचा. चित्रातील लक्ष्मीसारखे उभे राहण्यास खऱ्या बाईस किती अवघडावे लागते, ते त्या छायाचित्रात स्पष्ट दिसते. आमच्या वहिनी ते पाहून म्हणाल्या, "बिचारीचे हात भरून आले असतील." कलासमीक्षेत इतके नेमके वाक्य आम्ही क्वचितच वाचले असेल.

मुंबईच्या शर्मिला सामंत यांनी कोका-कोलाच्या बाटल्यांवरील पत्र्याची बुचे एकत्र जोडून एक लुगडे केले. लांबून पाहावे तर जरीचे, जवळ जावे तर बुचांचे! हे आम्हास आवडले. पण नातीने अशी आणखी पंधरा-वीस उदाहरणे दाखविली. त्यांतील बहुतेक पाहून आम्हास काहीच झाले नाही. सिनेमाची जुनी भित्तिपत्रके फाडून चिकटविणे, नटाच्या मुखावर दुसरा मुखडा लावणे, यात करमणूक असेल. आमच्या वर्गातील मागच्या बाकावरची मुले पाठ्यपुस्तकातील थोर पुरुषांस मिशा काढीत तेव्हा त्यांसही अशीच करमणूक होत असे. फ्रान्सचा द्यूशाँ म्हणून कोणी कलावंत होऊन गेला. त्याने १९१७ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनास शौचालयातील एक चिनी मातीचे पात्र सही करून पाठविले, आणि त्यातून ही सारी विद्या फोफावली, असे समजले. त्या पात्राविषयी कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या मासिकात अधिक विस्तार करण्याचे प्रयोजन दिसत नाही.

तरी प्रश्न उरतोच. दुसऱ्याची वस्तू घेऊन तिची नवी वस्तू कधी होते, आणि कधी ती नुसती उचलेगिरी ठरते? हा प्रश्न पश्चिमेकडील पंडितांस अलीकडे पडला असेल; आमच्याकडे त्यावर हजारेक वर्षांपूर्वी अध्याय लिहिले गेले आहेत. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त हरणप्रकरण म्हणून याचा कसून विचार केला आहे. कवी व व्यापारी यांच्या हातून चोरी घडायचीच, असे तो निःसंकोचपणे मानतो, आणि मग चोरीचे प्रकार पाडीत बसतो. अर्थ उचलण्याच्या रीती चार. अर्थ सगळा तोच, फक्त वाक्यरचना निराळी, तो प्रतिबिंबकल्प. आरशातील मुखासारखा, म्हणून त्याज्य. थोडा संस्कार करून वस्तू वेगळी भासविली, तो आलेख्यप्रख्य. विषय भिन्न असून साम्यामुळे एकच वाटावा, तो तुल्यदेहितुल्य. आणि मूळ एकच, परंतु परिकर सर्वस्वी नवा, तो परपुरप्रवेशसदृश: योगी जसा दुसऱ्याच्या देहात शिरून त्या देहास आपल्या इच्छेने चालवितो, तसा. दोडियांचे शटर या चौथ्या प्रकारात बसते, असे आमचे मत. लक्ष्मी तीच आहे, रेषा न रेषा तीच. पण तिच्या आत दुसराच प्राण शिरला आहे, आणि एकदा तो पाहिल्यावर बाहेरची लक्ष्मी पूर्वीसारखी दिसूच शकत नाही. मिशा काढणारे सगळे पहिल्या प्रकारात.

राजशेखराचे नाव घेताना वऱ्हाडच्या माणसास थोडा अभिमान वाटल्यास तो क्षम्य समजावा. काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह त्याने विदर्भातील वत्सगुल्म नगरीत लावून दिला आहे. आणि वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीम. १९९८ साली स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत ते आमच्या अकोला जिल्ह्यातच होते. त्या विवाहात देण्याघेण्याची याद झाली होती की नाही, हे मात्र ग्रंथकाराने लिहून ठेविलेले नाही.

वऱ्हाडातच, आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात, परपुरप्रवेशाचा एक धडधडीत प्रयोग होऊन गेला, त्याची आठवण येथे होते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे नागपुरास १८७१ साली जन्मलेले, वकिली अकोल्यास व पुढे खामगावास केलेले. किर्लोस्करांच्या संगीत नाटकांत साक्या, दिंड्या व कीर्तनी वळणाची पदे यांचे राज्य असता, १८९६ साली किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणलेल्या 'वीरतनया'त कोल्हटकरांनी पारशी-उर्दू नाटकांच्या चाली घेतल्या. ज्या चाली शिष्ट घरांतील पुरुष चोरून ऐकत आणि उघडपणे नाक मुरडीत, त्याच चालींवर मराठी पदे! शिष्टांनी टीकेची झोड उठविली. तरुणांनी त्या चाली गुणगुणत रस्ते धरले. पुढे 'सुदाम्याचे पोहे' लिहिताना त्यांनी हीच युक्ती आपल्याच घरावर चालविली. श्रावणी, शिमगा, सोवळेओवळे, व्रतवैकल्ये, ज्या गोष्टी ब्राह्मणाच्या घरी रोज घडतात व म्हणून कोणास दिसत नाहीत, त्या सुदामा आणि बंडूनाना यांच्या तोंडी देऊन अशा काही उलगडल्या, की वाचणारा आधी हसे आणि मागून स्वतःच्या जानव्याकडे पाही. गडकऱ्यांनी त्यांस गुरू मानले ते उगाच नव्हे. कोल्हटकर खामगावी बसून शटर वर करीत होते, असे म्हटले तर चालेल.

येथवर सर्व ठीक. शास्त्राधार मिळाला, वऱ्हाडचा पूर्वाचार मिळाला, आणि आम्ही मोठ्या उदार मनाने नातीस परवानगी दिली: कर बाई तुझे काम, मात्र पूजेच्या खोलीत नको, ओसरीवर मांड. तिने ते ऐकले. आपण किती पुरोगामी, या समाधानात आम्ही त्या रात्री निजलो.

पूजनाच्या दिवशी सकाळी तिची मांडणी पुरी झाली. ओसरीच्या भिंतीवर पाच लक्ष्म्या ओळीने टांगल्या होत्या. प्रत्येक चित्र तीन बाजूंनी कापून एका बाजूस तसेच ठेवलेले, त्यामुळे ते कवाडासारखे उघडे. कवाड उघडले की मागे पुठ्ठ्यावर एकेक जुना कागद, डिंक न लावता, चारही कोपरे खाचांत अडकवून बसविलेला. पोर हाताची जपणारी आहे, यात संशय नाही. आम्ही पहिले कवाड उघडले. आत आमच्या थोरल्या आत्याच्या विवाहाची याद होती, १९३८ सालची, मोडी लिपीत. दुसऱ्यात वहिनींची, १९६३ची. तिसऱ्यात आमच्या अक्काची, १९७१ची. तिच्या लग्नासाठी मूर्तिजापूरकडचे शेत विकले, ते आम्हास अंधुक आठवते. चौथ्यात चुलतबहिणीची. वडिलांनी घरात आलेल्या व घरातून गेलेल्या प्रत्येक मुलीची याद जपून ठेवली होती. हुंडा इतका, करणी इतकी, मानपान, पोषाख, जाण्यायेण्याचा खर्च कोणाकडे, विहिणींच्या पंगतीस पक्वान्न कोणते. खाली उभय पक्षांच्या सह्या.

पाचव्या लक्ष्मीखाली अकोल्याच्या एका सराफी पेढीचे नाव होते. ते कवाड उघडले आणि आमच्यासमोर आमचेच हस्ताक्षर आले.

ती आमच्या विवाहाची याद होती, १९८४ सालची. साक्षगंधाच्या आदल्या दिवशी बोलणी झाली, कच्च्या कागदावर गिचमीड झाली होती, म्हणून वडील म्हणाले, "तुझे अक्षर चांगले आहे, पक्की प्रत काढ." आणि आम्ही काढली. शिरोरेषा सरळ, आकडे एकाखाली एक, 'श्री' काढून, समास सोडून. हुंडा रुपये ७,००१. सोने तोळे ५, वधूपित्याकडून. स्टीलची भांडी, संच १. मुलास मनगटी घड्याळ १.

हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा आहे. आम्ही ही प्रत काढली तेव्हा त्यास तेवीस वर्षे झाली होती, आणि आम्ही शिक्षक होतो. पुढे जवळजवळ तीस वर्षे आम्ही नवव्या इयत्तेस 'हुंडा: समाजास लागलेला कलंक' या विषयावर निबंध घातला, तपासला, ऱ्हस्वदीर्घाच्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या, आणि चांगला निबंध वर्गात वाचून दाखविला. त्या तीस वर्षांत एकदाही आमच्या मनात या कागदाची आठवण आली नाही. विसरलो होतो, असे म्हणणे सोयीचे आहे. पण ते घड्याळ आम्ही सेवानिवृत्तीच्या दिवसापर्यंत हातात बांधीत होतो.

आम्ही नातीस एकीकडे बोलावून म्हणालो, "हे पाचवे काढून टाक."

"का, आबा?"

आम्ही सांगू लागलो: संध्याकाळी हळदीकुंकवास गावातील बायका येणार, घरच्या गोष्टी चव्हाट्यावर मांडू नयेत, मृत वडिलांची अप्रतिष्ठा होते, औचित्य म्हणून काही आहे, क्षेमेंद्राने औचित्यास काव्याचे जीवित म्हटले आहे. तिने सर्व ऐकून घेतले. शेवटी इतकेच म्हणाली, "चार ठेवायची आणि तुमचं काढायचं?"

आम्ही म्हणालो, "मग सगळीच काढ."

तिचे डोळे भरून आले, पण तिने एक शब्द न बोलता खिळ्यावरून पहिली लक्ष्मी उतरविण्यास आरंभ केला. तेवढ्यात वहिनी माजघरातून आल्या. वय एक्याऐंशी, गुडघे धरलेले, ओसरीची पायरी उतरताना भिंतीचा आधार घेतात. त्यांनी काय चालले आहे ते विचारले नाही. त्यांनी सर्व ऐकलेच असावे. सरळ दुसऱ्या चित्रापाशी जाऊन त्यांनी कवाड उघडले, चष्मा वर सरकवून स्वतःची याद वाचली, आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, 'मुलगी सावळी, सबब रुपये ५०० अधिक.' हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं हो. मी आपली समजत होते, मामंजींनी मला पसंत केली म्हणून."

काय उत्तर द्यावे, आम्हास सुचले नाही.

"राहू द्या ते," वहिनी पुन्हा म्हणाल्या. "येतील त्या बायकांच्या घरीसुद्धा असे कागद आहेतच. नसतील तर त्यांनी जाळले असतील."

त्या आत गेल्या. पाचही लक्ष्म्या जागेवर राहिल्या.

संध्याकाळी साठ-सत्तर बायका आल्या. प्रथम कोणी त्या चित्रांकडे लक्ष दिले नाही, कारण लक्ष्मीचे चित्र ओसरीवर टांगलेले असते, त्यात पाहण्यासारखे काय? मग कोणा लहान मुलीने एक कवाड उघडले. त्यानंतर माजघरातील गर्दी हळूहळू ओसरीवर सरकली. आम्ही माडीवर जाऊन बसलो होतो. खाली काय बोलणे झाले ते आम्हास ऐकू आले नाही, फक्त नेहमीच्या हळदीकुंकवास असते तशी गडबड नव्हती, इतके कळले. जाताना काही बायकांनी नातीस जवळ घेतले, तर काही तिच्याशी न बोलता निघून गेल्या. एका कुटुंबाशी आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा घरोबा. त्यांच्या घरची याद त्या भिंतीवर होती, कारण आमची अक्का त्यांच्याकडेच दिलेली. ते लोक अद्याप आमच्याकडे आलेले नाहीत. दिवाळीचा फराळही परत आला. ते चुकले, असे आम्ही म्हणू शकत नाही. त्यांच्या घरचा कागद त्यांस न विचारता लावला गेला, हा दोष नातीचा आहे, आणि ते आम्ही तिला सांगितलेही. दुसऱ्याच्या देहात शिरणाऱ्याने त्या देहाची वेदनाही पत्करली पाहिजे. कोल्हटकरांनी निदान बंडूनाना कल्पनेतला घेतला होता. तिने हे मान्य केले. अक्काची याद मुंबईस नेली नाही, तिच्या जागी कोरा पुठ्ठा ठेवला. तो कोरा पुठ्ठाच सर्वांत अधिक बोलला, असे तिच्या अध्यापकांनी म्हटल्याचे ती सांगते. खरे-खोटे अध्यापक जाणोत.

आमच्या सौभाग्यवतींविषयी अद्याप काही लिहिले नाही. त्या सर्व प्रकारात त्या ओसरीवर फिरकल्याच नाहीत. सोळा भाज्या व पुरण यांत गुंतल्या होत्या, हे खरे. पण एकेचाळीस वर्षांच्या सहवासानंतर इतके आम्हास कळते, की त्या कामात गुंतल्या की गुंतवून घेतात. पूजनाच्या रात्री आम्ही त्यांस काही बोलण्याचा प्रयत्न केला. "उद्या मूळ आहे, लवकर उठायचंय," म्हणून त्यांनी दिवा मालविला.

विसर्जनाच्या दिवशी दुपारी घर शांत झाले. मुखवटे उतरवून पेटीत गेले. लुगड्यांच्या घड्या झाल्या. आम्ही ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो. सौभाग्यवती आल्या, पदरास हात पुसले, व पाचव्या लक्ष्मीचे कवाड उघडून उभ्या राहिल्या. बराच वेळ वाचीत होत्या. याद एका पानाची. इतका वेळ लागण्याचे कारण नव्हते. मग त्यांनी नातीस हाक मारून पेन्सिल मागितली.

"अहो, इथं चुकलं आहे," त्या आमच्याकडे न पाहता म्हणाल्या. "सोनं तोळे पाच, वधूपित्याकडून, असं लिहिलंत. बाबांनी तीनच केले होते. दोन तोळे कमी पडत होते, म्हणून आदल्या रात्री आईनं हातातल्या पाटल्या काढून दिल्या. मांडवात तिच्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या. तुमच्याकडच्या कुणी विचारलंसुद्धा, की विहीणबाईंचे हात असे कसे. ती म्हणाली, पाटल्या घट्ट होतात, घरीच ठेवल्या."

आम्ही वर्तमानपत्र खाली ठेवले.

त्यांनी 'तोळे ५' यातील पाचावर रेघ मारून तीन केले. खाली नवी ओळ घातली: 'तोळे २, वधूमातेकडून.' अक्षर बारीक, पण आमच्या अक्षराच्या अगदी रेषेत. नातीने खोडरबर आणू का विचारले, तेव्हा नको म्हणाल्या. कवाड लोटून लक्ष्मी पूर्वीसारखी केली, आणि माजघराकडे जाता जाता आम्हास म्हणाल्या, "तो उंच पाट आणता का? फुलोरा उतरवायचा राहिला आहे."